पुस्तक गाडीत मिळाले, किंमत घरी मोजली

वाचकहो, मागे एका गावी जाणे झाले. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकट्या गावाचा नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोपऱ्यात एक लोखंडी कपाट उभे होते. त्यावर पांढऱ्या रंगात 'सार्वजनिक वाचनालय' अशी अक्षरे. कपाटाच्या डोक्यावर खताच्या रिकाम्या गोण्या आणि एक मोडका पंखा. "आत पुस्तकं आहेत का?" असे विचारले तर सरपंच म्हणाले, "आहेत ना जी, भरून आहेत. पण चाबी कोणापाशी आहे ते पाहा लागते." ग्रामसेवक बाजूलाच बसले होते. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे असा शासनाचा निर्णय आहे, पण गावाच्या तोंडी ग्रामसेवकच आहे.) ते हसून म्हणाले, "वाचते कोण भाऊ? पोट्टे मोबाइल पाहतात, म्हातारे पोथी वाचतात. मधल्या माणसाले फुरसत नाही."

चाबीचे काय झाले ते शेवटी सांगतो. पण "वाचते कोण" हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. वाचून माणसाचे होते तरी काय? पोथी असो की पुस्तक, त्याचा आणि घरच्या चुलीचा संबंध कुठे येतो? विचार करता करता आपल्या नागपुरातून निघालेल्या एका माणसाची गोष्ट आठवली. आज तीच सांगतो.

तुम्ही तिसरी-चौथीपर्यंत जरी शिकला असाल तरी या माणसाचे नाव कानावरून गेले असेल. जखमी पाखरीण आणि तिची पिल्ले, ती 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आठवते? पिढ्यान् पिढ्या मुलांनी पाठ केली आणि वर्गात रडली. ती लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्यांचे आडनाव तेच, पण हे टिळक वेगळे. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित, शीघ्रकवी आणि एका जागी स्थिर न राहणारा माणूस. नोकऱ्या धरल्या, सोडल्या, पुन्हा धरल्या. त्या फिरतीत ते नागपूरला आले. येथले श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांनी त्यांना आश्रय दिला. जुन्या धर्मग्रंथांचे काम त्यांच्याकडे सोपवले, आणि टिळक 'ऋषि' नावाचे मासिकही चालवू लागले. बुटीबोरीच्या नावात जे बुटी आहेत, ते हेच घराणे.

बुटीबोरीचे नाव निघाले म्हणून जाता जाता आणखी एका पाद्र्याची आठवण. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे, पण हिस्लॉप कोण हे किती जणांना माहीत असते? स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे पाद्री, १८४५ साली नागपुरात आले. शाळा काढली, गोंडांच्या वस्त्यांवर जाऊन त्यांची भाषा आणि त्यांची गाणी कागदावर उतरवली, दगडमाती आणि खडकातले जुने अवशेष तपासत हिंडले. टाकळघाटजवळ दगडांची जुनी वर्तुळे आहेत, ती पाहायला १८६३ च्या सप्टेंबरात गेले असता बोरीच्या शाळेतली मुले तपासायला ते मागे थांबले. रात्री घोड्यावरून परतताना नाल्याला पूर आलेला होता. त्यात ते वाहून गेले. पावसाळ्यातला नाला काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको. गावच्या पोरांना वाचता येते की नाही हे पाहायला थांबलेला माणूस त्या पाण्यात गेला, एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

तर टिळक. १८९३ साली त्यांना राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. हे संस्थान बैरागी महंतांचे, म्हणजे गादीवर राजा आणि महंत एकच. नागपूरहून कामठी, तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड करत जाणारी ही लाइन आपल्या पूर्व विदर्भातला माणूस डोळे मिटून सांगेल. त्या गाडीत टिळकांच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. बोलणे निघाले, काव्यावर गेले, मग धर्मावर आले. टिळक वादाला पक्के. पण या गृहस्थाने वाद घातला नाही, शांतपणे ऐकून घेतले. उतरताना त्याने टिळकांना 'नवा करार' हे ख्रिस्ती धर्माचे पुस्तक दिले आणि म्हणाला की हे नीट वाचाल तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हसू आले. त्याचे नावही त्यांनी विचारले नाही. पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतले.

कसे घेतले ते पाहा. हातात पेन्सिल घेऊन. आपण सात-बारा घेतल्यावर जसे एकेक रकाना बोट ठेवून पाहतो तसे. जिथे पटेल, जिथे खटकेल तिथे खूण करायची, रोज थोडे वाचायचे असा बेत. पण मत्तयच्या शुभवर्तमानात डोंगरावरचे प्रवचन आहे, तिथवर आले आणि बेत राहिला बाजूला. पुस्तक खाली ठेववेना.

त्या प्रवचनात आहे तरी काय? शास्त्रार्थ फार कमी आहे. आकाशातली पाखरे आहेत, रानातली फुले आहेत, खडकावर बांधलेले घर आणि वाळूवर बांधलेले घर आहे. त्याच पुस्तकात थोडे पुढे बी पेरणारा माणूस येतो. त्याचे काही बी वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काट्यात आणि काही चांगल्या जमिनीत. हे समजायला पंडित असावे लागत नाही. ज्याने एकदा तिफण हाणली त्याला ते कळते. संस्कृत ग्रंथांत बुडालेल्या पंडिताला शेतारानातल्या गोष्टींनी धरून ठेवले, याचे मला नेहमी नवल वाटते.

पण त्याच प्रवचनात उद्याची चिंता करू नका असाही उपदेश आहे. इथे तुमच्यासारखाच मीही अडतो. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आलेला, सोसायटीचा हप्ता थकलेला, पोरीचे लग्न दिवाळीनंतर. या माणसाने उद्याची चिंता करायची नाही म्हणजे काय करायचे? पाखरांना पीककर्ज नसते हो. हा प्रश्न ठेवा तसाच. कारण टिळकांच्या घरात या प्रश्नाचे पुढे जे झाले तेच आजचे खरे सांगणे आहे.

टिळकांनी उद्याची चिंता सोडली, यात शंका नाही. खरे तर धरली तरी कधी होती? पैसा हातात आला की वाटेत जो गरजू भेटेल त्याचा. घरात पाहुणा, अनाथ, विद्यार्थी, कोणीही यावे आणि राहावे. पण उद्याचे पीठ कुठून येणार, हा प्रश्न काही घरातून गेला नाही. तो लक्ष्मीबाईंच्या पदरात पडला. लक्ष्मीबाई म्हणजे टिळकांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी. लहानपणीच लग्न झालेले, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. अक्षरओळख काय ती टिळकांनी करून दिली, तीही त्यांच्या लहरीप्रमाणे. माहेरी सोवळे असे की वडील मीठसुद्धा धुऊन घेत. आणि सासरी हा नवरा.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. गाडीतल्या त्या अनोळखी माणसाने दोन वर्षांची मुदत सांगितली होती, ती जवळजवळ तंतोतंत भरली. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या, पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही, पंक्तीला बसवायचे की नाही, लोकांनी दया करायची की टोमणा मारायचा, सगळेच अधांतरी.

धर्मांतर बरे की वाईट हा वाद मी या पानावर घालत नाही. ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्यापाशी. पण इथे माझे टिळकांशी भांडण आहे. पुस्तक त्यांनी वाचले, खुणा त्यांनी केल्या, पटले त्यांना. आणि त्याची किंमत मोजली ती न वाचणाऱ्या बायकोने. घरातल्या माणसाला न वाचून दाखवता जो एकटाच वाचत पुढे जातो, त्याचे वाचन अर्धे समजावे. मोठा माणूस म्हणून हे झाकायचे कारण नाही. लक्ष्मीबाईंनी तरी कुठे झाकले? आपल्या आठवणींत त्यांनी नवऱ्याचे प्रेमही लिहिले आणि त्याचा संतापही लिहिला, आणि दोन्ही लिहिताना वाचणाऱ्याला हसवले.

काही वर्षे अशी गेली. मग लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन टिळकांपाशी आल्या. टिळक तेव्हा नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. (अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर.) आल्या, पण आपली चूल वेगळी ठेवली, आपले पाणी वेगळे ठेवले. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, छप्पर एक! तुमच्याआमच्या गावात आजही एका घरात दोन पक्षांचे झेंडे असतात, त्याहून हे कठीण.

पुढे राहुरी. राहुरी म्हटले की आपल्याला कृषी विद्यापीठ आणि उसाचे वाण आठवतात. पण त्या वेळची राहुरी दुष्काळाची. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. पोरकी झालेली मुले टिळकांनी घरी आणली, आणि त्यांचे तोंड धुणे, जेवण, दुखणे लक्ष्मीबाईंकडे आले. ही मुले कोणत्या जातीची हे भुकेला ठाऊक नव्हते. सोवळ्यातल्या बाईला मात्र पूर्ण ठाऊक होते. तिथे त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला: जात देवाने केली की माणसाने? गुराढोरांत, झाडापेडांत देवाने जी जात केली ती डोळ्यांना दिसते. माणसात तशी कुठे दिसते? मग ही माणसानेच केली असली पाहिजे. एकदा हे मनाशी ठरल्यावर बाईने उशीर केला नाही. कोणाच्याही हातचे पाणी घ्यायचे आणि कोणाच्याही हातचे खायचे, असे ठरवले आणि तसे केले. बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १९०० साली.

बघा हं, टिळकांना जे पुस्तकातून उमगले ते या बाईला पाण्याच्या हंड्यापाशी उमगले. दोघे पोचले एकाच ठिकाणी, पण तिची वाट लांबची आणि मला विचाराल तर जास्त पक्की. नुसत्या पुस्तकातले ज्ञान हंड्यापर्यंत यायला कधी कधी जन्म जातो. गावागावांत आजही पारायणे होतात, भंडारे होतात, आणि पंगत कुठे कशी बसते ते तुम्ही पाहता. मी बोललो तर रागावाल.

आता टिळकांच्या बाजूनेही बोलायला हवे. पुढे ते रीतसर पाळक झाले. पण साहेबी प्रार्थनेची कोरडी भाषांतरे त्यांनी बाजूला सारली आणि अभंगात, ओवीत, भजनाच्या चालीत शेकडो गीते रचली. टाळ-मृदंगासकट. आपण ख्रिस्ताकडे गेलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते उघड सांगत. जुने टाकून नवे घेतले असे त्यांना वाटतच नव्हते. मराठी माणसाला देव मराठीत आणि गात गातच सांगावा लागतो, हे त्यांना कळले होते. तीनशे वर्षांपूर्वी हेच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सला कळले होते. इंग्लंडात जन्मलेल्या या पाद्र्याने मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ साली ते गोव्यातच छापले, सुमारे अकरा हजार ओव्या. कारण नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वीसारखे पुराण ऐकायला हवे होते. आणि आपल्या वऱ्हाडात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामस्वच्छतेपासून ग्रामआरोग्यापर्यंत सगळे सांगायला ओवीच धरली. १९५५ ची 'ग्रामगीता' गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत आजही मोठ्याने वाचली जाते. आपल्याकडे वाचन म्हणजे मुळात एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. ज्याला अक्षर येत नाही तोही त्यात वाचक असतो. कपाटात कुलूपबंद केलेल्या वाचनालयाने हीच गोष्ट तोडली.

जुनी उदाहरणे झाली म्हणाल, तर आपल्या काळातले घ्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कॅथलिक धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. संपूर्ण बायबल त्यांनी आजच्या सोप्या मराठीत आणले. 'सुबोध बायबल' असे त्याचे नाव, साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कारही त्याला मिळाला. पण वसईचा शेतकरी त्यांना ओळखतो तो दुसऱ्याच कामाने. केळी, पानवेली, भाजी आणि फुले पिकवणारा तो हिरवा पट्टा. मुंबई वाढली तशी तिथली जमीन बिल्डरांच्या डोळ्यात आली आणि बागायतीच्या विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. विहिरी खाली गेल्या की बागायत संपली, हे गणित तुम्हाला नीट समजेल. तेव्हा हा पाद्री देवळात बसून राहिला नाही. हरित वसईच्या चळवळीत लोकांना घेऊन रस्त्यावर उतरला. धमक्या आल्या, तरी हटला नाही. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वे मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष झाले. प्रकृती ठीक नव्हती, तरी आले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. बायबल वाचणाऱ्या माणसाने विहिरीच्या पाण्यासाठी का भांडावे, असे त्यांना विचारणारेही होते. मला वाटते, विहिरीसाठी भांडले म्हणून तर त्यांचे वाचन लोकांनी खरे मानले.

टिळकांचे पुढे काय झाले? 'ज्ञानोदय' या जुन्या ख्रिस्ती पत्राचे ते १९१२ पासून शेवटपर्यंत संपादक होते. नगरच्या घरी त्र्यंबक ठोमरे नावाचा एक तरुण कवी मुलासारखा राहिला. तोच आपला बालकवी. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती, सगळ्यांनी यावे अशी कल्पना. पगार सोडला, म्हणजे पुन्हा उद्याची चिंता नाही, आणि पुन्हा ती कोणाकडे गेली हे वेगळे सांगायला नको. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. ख्रिस्ताच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' नावाचे महाकाव्य त्यांनी सुरू केले होते, ते दहा-अकरा अध्यायांवर अडले.

ते पुढे लिहिले कोणी? शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी. चौसष्ट अध्याय. आणि त्यासोबत आपल्या आठवणी लिहिल्या, 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून त्या पुस्तकरूपाने येऊ लागल्या. त्यात पांडित्य नाही, अलंकार नाहीत. ओट्यावर बसून बाई बोलते तशी भाषा. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत पहिल्या दोन-चारांत हे नाव घेतल्याशिवाय जाणकाराला पुढे जाता येत नाही. पंडित नवऱ्याचे संस्कृत पुस्तक आज कोण उघडतो? बायकोचे मात्र एसटीत बसून वाचतात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या.

आता चाबी. ती सापडली, पंधरा दिवसांनी. आधीच्या शिपायाच्या घरी, खुंटीवर, गोठ्याच्या चाबीसोबत. सरपंचांनी फोन केला म्हणून मुद्दाम गेलो. कपाट उघडले तर उंदराच्या लेंड्या आणि कोंदट वास. 'ग्रामगीते'च्या तीन प्रती, कापसावरच्या किडींची शासकीय पुस्तिका, स्पर्धा परीक्षेची दोन वर्षे जुनी मासिके, आणि खालच्या खणात, वाळवी लागता लागता वाचलेले 'स्मृतिचित्रे'. मागची तारखेची चिठ्ठी कोरी. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अ ब क ड असे वर्ग आहेत, तपासणीला साहेब येतात, सगळे आहे. चिठ्ठी कोरी.

अंगणवाडीच्या ताई तिथे पोषण आहाराचे रजिस्टर घेऊन आल्या होत्या. त्यांनी पुस्तक उलटून पाहिले आणि म्हणाल्या, "मी नेऊ का जी?" ग्रामसेवकांनी नोंद केली, वहीतली पहिलीच. शनिवारी बचत गटाची बैठक असते. तिथे हप्ते जमा झाल्यावर ताईंनी दहा-बारा पाने वाचून दाखवली. पुढच्या शनिवारी आणखी. तिसऱ्या शनिवारी मी मागे बसून ऐकले. टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी घरी येते, तिथवर वाचन आले होते. बाया गप्प. एक म्हातारी, जिला स्वतःची सहीसुद्धा येत नाही, ती म्हणाली, "मंग थे बाई गेली का परत नवऱ्यापाशी? का नाही गेली?" ताई म्हणाल्या, पुढे आहे. म्हातारी म्हणाली, "मले आत्ताच सांग. पुढच्या शनवारी निंदनाले जाणं आहे."

ताईंनी सांगितले नाही. निंदणाचा वार बदलला, असे नंतर कळले. कपाटावरच्या गोण्या सरपंचांनी उतरवल्या आहेत. पंखा अजून तिथेच आहे.